परिशिष्ट ब : निरंक

मागच्या शनिवार-रविवारी कळंबला जाऊन आलो. कळंब म्हणजे चिंतामणीचं, यवतमाळ जिल्ह्यातलं. धाराशिवकडचं कळंब वेगळं (आमची पार्सलं मात्र अधूनमधून तिकडे फिरून येतात). फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून गावकऱ्यांचा रुबाब वाढलाय. असो.

पुतण्याला पुण्यात नोकरी लागली आहे. कंपनी बरी आहे, नाव सांगत नाही. मी हातपाय धुऊन ओसरीवर टेकतो न टेकतो तोच त्याने कागदांचा गठ्ठा पुढे केला. "काका, हे एकदा पाहून द्या. सोमवारपर्यंत सही करून पाठवायचं आहे." चौदा पानं. पगाराचं एक पान, बाकी तेरा पानं त्याने काय काय करायचं नाही याची. दादा बाजूलाच बसला होता. तो म्हणाला, "कायले वाचत बसला रे तू? सारेच करतेत सही. लेकराची नोकरी जाईन तुमच्या वाचण्यात."

दादाचं चूक नाही. मीही माझ्या पहिल्या नोकरीचे कागद न वाचताच सही केले होते, आणि हे वाचणाऱ्या बहुतेक मंडळींनीही तेच केलं असणार. पण या पोराची गोष्ट जरा निराळी आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात त्याने विहिरीवरच्या मोटारीसाठी एक डबी बनवली. आमच्याकडे थ्री फेज लाइन रात्री येते. ऑटो स्विच असला की लाइन आल्याबरोबर मोटार आपोआप सुरू होते, आणि विहिरीत पाणी नसलं की कोरडीच फिरून जळते. रिवाइंडिंगचा खर्च शेतकऱ्याला विचारा! कोरड्या मोटारीला बंद करणारी यंत्रं बाजारात आहेत, पण आमच्याकडच्या व्होल्टेजला ती दचकतात आणि पाणी असतानाही बंद करून टाकतात. याच्या डबीत त्यावर एक युक्ती आहे. विहिरीत कुठलाही सेन्सर न सोडता ती बरोबर ओळखते. आत नेमकं काय केलंय ते लिहीत नाही. गुपित त्याचं आहे, माझं नाही.

तर करारात एक कलम होतं. नोकरीच्या काळात, आणि नोकरी सोडल्यावर आणखी एक वर्ष, कर्मचाऱ्याने लावलेला प्रत्येक शोध, सुधारणा, प्रोग्राम, कल्पना (हो, कल्पनासुद्धा) कंपनीच्या मालकीची. कंपनीच्या वेळात लावलेली असो वा नसो, कंपनीच्या साधनांनी असो वा नसो. शेवटच्या पानावर 'परिशिष्ट ब : कर्मचाऱ्याचे पूर्वीचे शोध'. त्याखाली एचआरने आधीच टाइप करून ठेवलेलं : 'निरंक'.

गावातल्या ओळखीच्या चार विहिरींवर रात्रीबेरात्री चालू असलेली ती डबी त्या एका शब्दाने नाहीशी होत होती.

आता कायदा काय म्हणतो? तर फारसं काही म्हणत नाही, आणि गोम तिथेच आहे. प्रोग्रामचं तरी स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा, कलम १७. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक मालक (म्हणजे एम्प्लॉयर, मराठीत दोघांना एकच शब्द, काय करणार). वेगळा करार नसेल तर हेच लागू. पण पेटंटचा कायदा १९७० चा. त्यात नोकराने लावलेला शोध कुणाचा, याबद्दल एकही कलम नाही. अर्ज खऱ्या आणि पहिल्या शोधकाने करायचा, किंवा त्याने ज्याला हक्क लिहून दिला त्याने. लिहून म्हणजे लेखीच हवं. म्हणून तर कंपन्या पहिल्याच दिवशी लिहून घेतात. कायद्याने जी जागा रिकामी सोडली ती भरणारा कागद म्हणजे ही तेरा पानं. म्हणून मी ती वाचत बसलो.

माझ्या नावावर एक पेटंट आहे, अमेरिकेतलं. नावावर म्हणजे शोधक म्हणून नाव आहे, मालकी जुन्या कंपनीची. 'एक डॉलर आणि इतर मोबदल्याच्या बदल्यात' सगळे हक्क दिले, अशा छापील मजकुराखाली माझी सही आहे. लाकडी पाटीवर लावलेला पितळी पत्रा मिळाला, तो दिवाणखान्यात आहे. माझी तक्रार नाही, शोध खरंच कंपनीच्या कामातूनच निघाला होता. आपल्या कायद्यातही पेटंटवर शोधकाचं नाव छापून यायची सोय आहे, कलम २८. त्याच कलमात हेही सांगून ठेवलंय की या नावाने पेटंटवर कुठलाही हक्क येत नाही.

पुतण्याने विचारलं, "पण काका, मी सोडून गेलो तर हे लोक खरंच कोर्टात जातात का?"

जातात. आणि यातला सगळ्यात गाजलेला खटला आपल्या कल्याणचा आहे.

कल्याणजवळ सेंच्युरी रेयॉन. टायरच्या आत जो दोरा असतो, टायर कॉर्ड, तो तिथे बनवायचा होता. तंत्र आपल्याकडे नव्हतं. १९६१ च्या जानेवारीत कंपनीने हॉलंडची ए.के.यू. आणि पश्चिम जर्मनीची ग्लान्झश्टोफ यांच्याशी करार केला आणि १,४०,००० जर्मन मार्क मोजून तंत्र घेतलं. त्यात अट अशी की सगळी माहिती गुप्त ठेवायची, आणि आपल्या नोकरांकडूनही तसंच लिहून घ्यायचं. मार्च १९६३ मध्ये निरंजन शंकर गोलिकरी नावाचे गृहस्थ शिफ्ट सुपरवायझर म्हणून लागले. पाच वर्षांचा करार. पाच वर्षांत दुसरीकडे तेच काम करायचं नाही, आणि इथे शिकलेलं बाहेर सांगायचं नाही. मार्च ते डिसेंबर प्रशिक्षण झालं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ते अधूनमधून गैरहजर राहू लागले. मग रजेचा अर्ज, मग राजीनामा. कंपनीने लिहिलं, राजीनामा मंजूर नाही, कामावर या. त्यांनी कळवलं, दुसरी नोकरी धरली आहे. कुठे? तर राजस्थान रेयॉन, कोटा. तिथेही टायर कॉर्डच बनत होता. पगार ५६० रुपये.

हा आकडा मला फार बोलका वाटतो. करारातल्या अटीप्रमाणे कंपनीने सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई मागितली, २,४१० रुपये. भागाकार केला तर कल्याणचा पगार महिना चारशेच्या आसपास येतो. म्हणजे दीडशे-पावणेदोनशे रुपयांच्या वाढीसाठी माणूस कल्याणहून कोट्याला गेला. आपण सगळ्यांनी तेच केलंय. फक्त आपण मगरपट्ट्याहून हिंजवडीला जातो.

प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १७ जानेवारी १९६७ ला निकाल लागला, आणि तो कंपनीच्या बाजूने. मुद्दा भारतीय करार कायद्याच्या कलम २७ चा होता. १८७२ चा कायदा. कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द, असं ते कलम म्हणतं. कोर्टाने सांगितलं, नोकरीच्या मुदतीत दुसरीकडे तेच काम करू नको ही अट सर्वसाधारणपणे या कलमात येत नाही, अगदीच जाचक आणि एकतर्फी असली तर गोष्ट वेगळी. मनाईहुकूम कायम झाला : १५ मार्च १९६८ पर्यंत, म्हणजे पाच वर्षं पुरी होईपर्यंत, भारतात कुठेही टायर कॉर्डच्या कामात शिफ्ट सुपरवायझर किंवा तशाच हुद्द्यावर काम करायचं नाही. बाकी कामं करायला मोकळा, तेव्हा उपाशी मरायची पाळी येत नाही, असाही एक विचार निकालात आहे.

वकील मंडळी हा निकाल कलम २७ साठी वाचतात. मला त्यात दिसतो तो शिफ्ट सुपरवायझर. त्याने कागद चोरले नव्हते. प्रशिक्षणात शिकवलं ते शिकला आणि रोजच्या पाळीत वापरलं. ते त्याच्या डोक्यात होतं. ए.के.यू.ची माहिती संपते कुठे आणि गोलिकरींचा अनुभव सुरू होतो कुठे, हे त्यांना स्वतःला तरी सांगता आलं असतं का? मला माझ्याबद्दल सांगता येत नाही. वीस वर्षांत शिकलेल्या डिबगिंगच्या युक्त्यांपैकी कुठली कुठल्या कंपनीची, याचा हिशोब कोण ठेवतो?

हे झालं मुदतीच्या आतलं. मुदत संपल्यावर मात्र कोर्ट बहुधा नोकराच्या बाजूने उभं राहतं. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचंच घ्या. परसेप्ट डी-मार्क या एजन्सीशी त्याचा करार होता. करार संपल्यावरसुद्धा दुसऱ्या कुणाशी सही करण्याआधी आम्हाला विचारायचं, अशी एक अट होती. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कलम २७ खाली चालणार नाही असं सांगितलं. तेव्हा 'नोकरी सोडल्यावर दोन वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही' असली वाक्यं करारात घाबरवण्यापुरती असतात, असं मी पुतण्याला सांगितलं. पण बॉण्डचं तसं नाही. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रशांत नारनवरे प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांआधी नोकरी सोडल्याबद्दलचा दोन लाखांचा बॉण्ड वैध ठरवला. सरकारी बँकेला भरतीची सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, हे एक कारण होतं. दादाने हे ऐकलं आणि पहिल्यांदा तो कागद स्वतःकडे ओढून घेतला. "किती हजाराचा बॉण्ड आहे म्हणते याच्यात?" दीड लाखाचा होता.

गंमत म्हणजे धंद्याचं गुपित ही चीज दादाला माझ्यापेक्षा जास्त कळते. दर जूनमध्ये तो ते पाकिटातून विकत आणतो. २०२५ च्या हंगामात बीजी-दोन कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकारने ९०१ रुपये ठरवली होती. त्यात असतं संकरित बी. मायबाप दोन वेगवेगळे वाण, त्यांची ओळख कंपनीला ठाऊक. दादाने पिकातलं बी ठेवून पुढच्या साली पेरलं तर कायदा आडवा येत नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला तो हक्क दिला आहे, फक्त ब्रँड लावून विकायचं नाही. पण दुसऱ्या पिढीत झाडं एकसारखी येतच नाहीत. मी त्याला सांगितलं, तुला एक्झिक्युटेबल मिळते, सोर्स कोड कंपनीकडे राहतो. त्याला काही ते पटलं नाही. तो म्हणाला, "तुमच्या कोडाले बोंडअळी लागते का?" :-)

या मायबाप वाणांवरूनही कोर्टकज्जे झालेत. कंपनी सोडून गेलेल्या माणसांवर कापसाच्या संकरित बियाण्यावरून दावा, दिल्ली हायकोर्ट, २०११. कंपनीने तर बियाण्याच्या जनुकीय क्रमावर कॉपीराइट मागितला होता, जणू ती कादंबरीच. कोर्टाने ते मान्य केलं नाही.

आणि ज्याने काहीच लपवलं नाही त्याचं काय झालं, हेही आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात बघायला मिळतं. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. आपल्या धानाच्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी १९८३ पासून निवडत नेल्या आणि एक वाण तयार केला. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याचं नाव पडलं एचएमटी. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने त्यांच्याकडून बी नेलं, आणि १९९८ मध्ये विद्यापीठाने पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण आणला. आम्ही शुद्धीकरण केलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. दादाजींना पुढे पुरस्कार मिळाले, पैसा फारसा नाही. २०१८ च्या जूनमध्ये ते गेले. ते कुणाचे नोकर नव्हते, त्यांनी कुठल्या कागदावर सहीही केली नव्हती. पण 'हे माझं आहे' असं सांगणारा कागदही त्यांच्याजवळ नव्हता, आणि वाण संरक्षणाचा कायदा तेव्हा यायचाच होता.

बाहेरच्या देशांत नोकराच्या शोधाचा विचार कायद्यातच केलेला आहे. जर्मनीत १९५७ पासून वेगळा कायदा आहे. नोकराने शोध कळवायचा, कंपनीने घ्यायचा, आणि घेतला तर वाजवी मोबदला द्यायचाच. हा हक्क आधीच करार करून काढून घेता येत नाही. हे शेवटचं वाक्य मी पुतण्याला दोनदा वाचून दाखवलं. इंग्लंडमध्ये इयान शँक्स या युनिलिव्हरच्या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये रक्तातली साखर मोजायच्या पट्टीमागचं तत्त्व शोधलं. पहिला नमुना घरीच केला, मुलीच्या खेळण्यातल्या सूक्ष्मदर्शकाच्या काचा आणि कागदाला लावायचे चिमटे वापरून. २००६ मध्ये त्याने मोबदल्यासाठी अर्ज केला आणि २०१९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने वीस लाख पौंड द्यायला सांगितलं. जपानच्या नाकामुराचं तर सगळ्यांना माहीत आहे. निळ्या एलईडीबद्दल कंपनीने बक्षीस दिलं २०,००० येन. २००४ मध्ये टोकियोच्या कोर्टाने दोन हजार कोटी येन द्यायला सांगितलं, आणि पुढच्या वर्षी चौऱ्याऐंशी कोटींवर तडजोड झाली.

आपल्याकडे उलट्या बाजूने एक खटला झाला. घरडा केमिकल्सचे डॉ. केकी घरडा कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर, आणि पेटंटं मात्र त्यांच्या स्वतःच्या नावावर. एका भागधारकाने दावा लावला की हे शोध कंपनीचे. वर्षानुवर्षं चालून २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल डॉ. घरडांच्या बाजूने लागला. कंपनीत काम करतो, कंपनीची प्रयोगशाळा वापरतो, एवढ्याने शोध आपोआप कंपनीचा होत नाही. तसं बंधन दाखवावं लागतं, असा त्याचा रोख. ज्याने कागद लिहून दिला नव्हता तो सुटला. आता असा माणूस कोण? तर कंपनीचा सर्वेसर्वा. शिफ्ट सुपरवायझरकडून मात्र पहिल्याच दिवशी लिहून घेतलेलं असतं.

रविवारी दुपारी आम्ही परिशिष्ट ब घेऊन बसलो. पेच असा की काहीच लिहिलं नाही तर डबी कंपनीची होऊ शकते, आणि सगळं लिहिलं तर गुपित एचआरच्या कपाटात. पेटंटचा रस्ताही सोपा नाही. नुसता प्रोग्राम पेटंटला चालत नाही, कलम ३ मध्येच नाही म्हटलंय. शिवाय डबी लोकांच्या विहिरींवर उघड चालू आहे. अर्जाआधीच्या एका वर्षातली, चाचणीपुरती आणि उघड्यावर केल्याशिवाय भागत नाही अशी असेल तरच सूट. उघड वापर मोटारीचा होतो, आतली युक्ती कुणी पाहिलेली नाही, असा युक्तिवाद करता येईल, पण त्यासाठी वकील लागतो. म्हणून शेवटी एकच ओळ लिहिली : 'शेतीपंपाचे कोरड्या चालण्यापासून संरक्षण करणारे उपकरण व त्याचा प्रोग्राम, प्रथम वापर अमुक तारीख, तपशील गोपनीय'. तारखेच्या पुराव्याला ज्यांच्या विहिरीवर पहिली डबी लागली त्या शेतकऱ्याच्या पावतीची झेरॉक्स. सोबत विनंती, की 'सोडल्यावर एक वर्ष' हे शब्द काढावेत. बुधवारी उत्तर आलं. ओळ मान्य. एक वर्ष काढणार नाही, सगळ्यांना सारखंच आहे. पोराने सही केली. मी असतो तरी केली असती, पगार चांगला आहे.

एक विषय तसाच राहिला होता. त्याने सहज विचारलं, हीच डबी घेऊन थेट अमेरिकेत अर्ज केला तर? तर तसा करता येत नाही. भारतात राहणाऱ्याने आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, नाहीतर पेटंट ऑफिसची लेखी परवानगी काढायची, कलम ३९. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कारण सरकारला आधी बघायचं असतं, की शोध संरक्षणाच्या कामाचा आहे का. वाटला तर तो गुप्त ठेवायचा हुकूम निघतो. दर सहा महिन्यांनी फेरविचार होतो, आणि हुकूम आहे तोवर पेटंट मिळत नाही. त्यातून शोधकाला हाल सोसावे लागले तर सरकार सानुग्रह रक्कम देऊ शकतं. देऊ शकतं, द्यायलाच पाहिजे असं नाही. तरी सरकारने निदान हाल हा शब्द विचारात घेतलाय.

मार्च २०२४ मध्ये बाविसाव्या विधी आयोगाने धंद्यातल्या गुपितांवर अहवाल दिला, क्रमांक २८९, आणि सोबत कायद्याचा मसुदाही जोडला. तोवर या विषयाला वेगळा कायदाच नव्हता, सगळं करारांवर आणि जुन्या निकालांवर चाललेलं. मसुद्यात एक चांगली गोष्ट आहे : नोकराने रोजच्या कामातून मिळवलेला अनुभव आणि कौशल्य हे गुपितात मोजायचं नाही. नोकराने लावलेल्या शोधाचा मोबदला हा त्याचा विषयच नाही. आणि ते अनुभवाचं वाक्य १९६४ मध्ये कायद्यात असतं, तरी गोलिकरी कोट्याला काय घेऊन गेले, हे कुणाला तरी बसून ठरवावंच लागलं असतं.